सहा ते सात

बेबीताई उभ्या उभ्या झोपली ती दुपारी अडीच वाजता, हॉस्पिटलच्या धुलाईघरात. मोठ्या रोलरमधून इस्त्री होऊन निघालेल्या चादरीची तिने आणि तिच्या जोडीदारणीने मिळून घडी केली, ती घडी तिने ढिगावर ठेवली आणि ठेवता ठेवता तिच्यावर कपाळ टेकलं. ढीग बरोबर छातीएवढा होता. चादरी गरम होत्या. क्षणभर डोळे मिटू, एवढंच तिच्या मनात होतं.

जोडीदारीण पुढच्या चादरीची दोन टोकं धरून वाट बघत राहिली. या बाईला धुलाईघरात सगळे ‘भराभर’ म्हणत, कारण ‘चला, भराभर’ हे शब्द सतत तिच्या तोंडी असायचे. ती आधी म्हणाली, “धर गं.” मग म्हणाली, “बेबे, अगं रोलर चालू आहे.” तरी उत्तर नाही म्हटल्यावर तिने हातातली चादर सोडून दिली. नेमकी त्याच वेळी टॉवेल न्यायला आलेली फिजिओथेरपिस्ट पुढे झाली. तिने बेबीताईला खांद्याला धरून हलवलं आणि स्टुलावर बसवलं.

“चक्कर आली का?”

“नाही. झोप लागली.”

“उभ्याने?”

“बसायला वेळ कुठे असतो,” बेबीताई म्हणाली. विनोद करायचा तिचा बेत नव्हता, पण भराभर हसली.

बेबीताई चौपन्न वर्षांची. शेंडेफळ म्हणून लहानपणी पडलेलं नाव केस पिकले तरी सुटलं नव्हतं. कामावर त्याला नुसतं ‘ताई’ जोडलं गेलं होतं. लग्न करायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं. करायच्या वयात आईने अंथरूण धरलं आणि ते पंचवीस वर्षं धरून ठेवलं. आई गेल्यावर ती दोन वर्षं एकटी राहिली. त्या दोन वर्षांत काय केलंस असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगण्यासारखं काही आठवलं नसतं. रविवारी उशिरापर्यंत लोळायची, दुपारी खिडकीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायची. मग दादाला अर्धांगाचा झटका आला. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. वहिनी आधीच गेली होती, मुलगी दूर दुसऱ्या देशात नोकरीला. तेव्हा दादा बेबीताईकडे आला, त्यालाही आता दीड वर्ष झालं होतं.

दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. चाळीस वर्षं त्याने लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, आणि आता बहिणीच्या घरी येऊन पडला तो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यावर तो स्वतःच हसायचा. उजवा हात कामातून गेलेला, उजवा पाय ओढत चालायचा, शब्द जरा जड निघायचे, पण डोकं शाबूत होतं. जीभही जड झाली तरी तिखटपणा गेला नव्हता.

बेबीताई पहाटे पाचला उठायची. दादाला उठवणं, बाथरूमला नेणं, आंघोळ, दाढी, गोळ्या, नाश्ता, दुपारचं जेवण झाकून ठेवणं, मग आठला कामावर. चारला सुटून परत तेच, उलट क्रमाने. दादाला झोप लागली तरी तिचे कान जागेच असायचे. सकाळी अंग असं मोडून यायचं की पलंगावरून पाय खाली ठेवताना ती आधी एक सुस्कारा टाकायची आणि मग पाय.

हे सगळं फिजिओथेरपिस्टला ठाऊक होतं, कारण दादाला व्यायाम शिकवायला ती महिन्यातून दोनदा घरी यायची. टॉवेल छातीशी धरून ती म्हणाली, “तुमच्या दादांना तोल सांभाळायचा व्यायाम हवाय. आणि तुम्हाला…” ती जरा थांबली. “तुम्हालाही काहीतरी हवंय. दोघं ताइचीला जा.”

“कुठल्या ताईची?” भराभरने विचारलं.

“ताई नाही हो. ताइची. चिनी व्यायाम असतो, अगदी सावकाश करायचा. शेवटी थोडा वेळ ध्यान. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये असतो, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा ते सात.”

“सावकाश,” भराभर म्हणाली आणि तिने नाक मुरडलं.

संध्याकाळी बेबीताईने दादापुढे विषय काढला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हवेत हात फिरवायला दोन हात लागतात. माझा एक संपावर आहे.”

“बसूनही करता येतं म्हणे.”

“तीन मजले उतरायचे, हवेत हात फिरवायचा, तीन मजले चढायचे. तू जा.”

“मी कशाला जाऊ?”

“बघून ये. मग मला सांग की तिथे काही अर्थ नाही.”

आपण बघायला चाललो आहोत, दादासाठी चाललो आहोत, असं तिने स्वतःलाही सांगितलं. पण दादाची आंघोळ संध्याकाळवर ढकलली की सकाळी तासभर निघतो हा हिशोब तिने जेवण वाढता वाढताच करून टाकला होता. तिचं तिलाच नवल वाटलं.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पंधराएक माणसं होती, बहुतेक साठीच्या पुढची. भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या, एक बंद पडलेलं घड्याळ, लाकडी जमीन. शिकवणाऱ्या माणसाला सगळे ‘कप्तान’ म्हणत. बुटका, रुंद खांद्यांचा, सत्तरीचा. ती दबकत आत शिरली तसा तो थेट तिच्यापाशी आला आणि म्हणाला, “मी कप्तान नाही. इंजिनात तेल घालायचो. तीस वर्षं.” हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की ती एक पाऊल मागे सरली. मग कळलं की जहाजाच्या इंजिनघरात त्याचा डावा कान गेला होता आणि उजवाही जायच्या मार्गावर होता. ताइची त्याला जहाजावरच्याच एका सहकाऱ्याने शिकवली होती, डेकवर, रोज पाळी संपल्यावर.

“सावकाश,” कप्तान ओरडला. “शांतपणे. अंग सैल सोडा.” खालच्या मजल्यावर पेपर वाचायला आलेल्यांनाही अंग सैल सोडावंसं वाटलं असेल.

त्या दिवशी तासभर त्याने तिला एकच गोष्ट करायला लावली. दोन्ही पायांवर उभं राहायचं, मग सगळं वजन डाव्या पायावर न्यायचं, उजवा पाय रिकामा करायचा. मग उलट. ऐकायला पोरखेळ वाटला. तिसऱ्या मिनिटाला तिच्या मांड्या थरथरायला लागल्या.

“तुम्ही दोन्ही पायांवर एकदम उभ्या आहात,” कप्तान म्हणाला.

“मग कशावर उभी राहू?”

“एकावर. दुसऱ्याला सुट्टी द्या. मग त्याला कामाला लावा, याला सुट्टी द्या.”

शेवटची पंधरा मिनिटं खुर्चीवर पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसायचं होतं. श्वास आत जातो, बाहेर येतो, एवढंच बघायचं. बेबीताईने एक श्वास बघितला. दुसरा अर्धा बघितला. त्यानंतरचं तिला काही आठवेना. जाग आली ती खुर्च्या हलल्याच्या आवाजाने, आणि शेजारच्या आजोबांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की आपण घोरत होतो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला शोधता शोधता ती कप्तानला म्हणाली, “मला नाही जमायचं हे. मी झोपले.”

“पाहिलं,” कप्तान म्हणाला. “ऐकलंही. मला ऐकू आलं म्हणजे बघा.”

घरी आल्यावर दादाने विचारलं, “मग? काही अर्थ नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “पण गुरुवारीही बघून येते.”

गुरुवारी ती परत झोपली. शनिवारीही. पहिले दोन आठवडे तिने ध्यान म्हणून जे काही केलं ती निव्वळ झोप होती, आणि तीही मोडकीतोडकी. यातून काही चमत्कार घडला नाही. उलट दिवस लांब झाला, गुडघे दुखायला लागले, मंगळवारी आणि गुरुवारी ती कामावर नेहमीपेक्षा जास्त दमलेली असायची. सुटणार तर आत्ताच सुटायला हवं होतं. का सुटलं नाही, हे तिला धड सांगता आलं नसतं. एक खरं होतं की त्या तासात कुणी तिला हाक मारत नसे.

कप्तानने घरी करायला पंधरा मिनिटं नेमून दिली होती. दहा उभ्याने, पाच बसून. ती स्वयंपाकघरात करायची, चहाचं आधण ठेवून. पाच मिनिटं डोळे मिटून बसली की आधण उकळायचं आणि बाहेरून दादा म्हणायचा, “ध्यान उतू जातंय.”

धुलाईघरात मात्र तिच्या नकळत फरक पडला. दोघी चादरीची टोकं धरून एकमेकींकडे चालत यायच्या, टोकाला टोक जुळवायच्या, परत मागे जायच्या. दिवसात असं सातआठशे वेळा. बेबीताई आता पाऊल टाकताना वजन आधी एका पायावर घ्यायला लागली होती. संध्याकाळी कंबर पूर्वीइतकी भरून यायची नाही. भराभरला हे मानवलं नाही. “तू आता चादर घेऊन येतेस की वरात घेऊन?” ती म्हणाली. त्या दिवशी ढीग किती झाले ते तिने मुद्दाम बघितलं. रोजच्याइतकेच झाले होते. दुसऱ्या दिवशी तिने हळूच विचारलं, “वजन कुठल्या पायावर म्हणालीस?”

पाचव्या आठवड्यात ध्यानात झोप यायची थांबली आणि तिथे दुसरंच काही यायला लागलं. डोळे मिटले, चार श्वास झाले की तिला राग यायचा. साधासुधा नाही, कानशिलं तापवणारा. आईची घंटी आठवायची. आईच्या उशाशी एक पितळी घंटी असायची, काही हवं असलं की वाजवायला. आई घंटी वाजवायची आणि ही पोचली की म्हणायची, “कशाला बोलावलं होतं बरं?” मग दादा आठवायचा, त्याचा घासागणिक येणारा आवाज, बाथरूमच्या दारातून दिलेली हाक. आपण इतक्या वाईट आहोत हे बेबीताईला ठाऊक नव्हतं. ती घाबरली. झोप परवडली, असं तिला वाटलं.

तास संपल्यावर ती कप्तानजवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “काका, डोळे मिटले की मला राग येतो.”

“काय येतो?”

“राग.”

“राग? कुणाचा?” कप्तानने विचारलं, आणि हॉलमधले सगळे जागच्या जागी थांबले. शेजारच्या आजोबांनी तोंडाला लावलेली पाण्याची बाटली तशीच राहिली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “सगळ्यांचा,” ती म्हणाली.

“बरं.”

“मग काय करायचं?”

“काही नाही. यायचं. मला पहिलं वर्षभर झोप आली. दुसऱ्या वर्षी जहाजावरच्या आचाऱ्याचा राग आला. माणूस चांगला होता, काही कारण नव्हतं.”

“मग?”

“मग उतरला.”

“राग की आचारी?”

कप्तानने थोडा विचार केला. “आचारी आधी उतरला,” तो म्हणाला. “राग पुढच्या बंदरात.”

तिला किती दिवसांनी हसू आलं. पण जिना उतरताना ते गेलं, आणि राग होता तिथेच होता.

दोन महिने होत आले असतील. त्या शनिवारी तिने वीस हालचाली सलग, न थांबता केल्या होत्या. घराचं दार उघडून ती आत आली तेव्हा अंग हलकं होतं. दादा बाहेरच्या खोलीत नव्हता. तिने हाक मारली. स्वयंपाकघरातून उत्तर आलं ते जमिनीलगतून.

दादा ओट्याखाली कुशीवर पडला होता. कपाळ ओट्याच्या कडेवर आपटून फुटलं होतं, भुवईतून रक्त कानापर्यंत ओघळून सुकलं होतं. शेजारी पातेलं पालथं पडलेलं आणि सगळीकडे पाणी. नशीब, पाणी अजून तापलं नव्हतं. “मोडलं काही नाही,” दादा म्हणाला. “उठता येत नाही फक्त.”

“किती वेळ झाला?”

“सव्वासहा.”

तिने घड्याळ बघितलं. सव्वासात झाले होते.

हॉस्पिटलमध्ये दादाच्या कपाळाला पाच टाके पडले. डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. दोन दिवसांनी घरी आणलं. फिजिओथेरपिस्ट येऊन बघून गेली, ओरडली नाही, पण तिच्या कपाळावरच्या आठ्या बेबीताईने पाहिल्या. त्या आठ्या आपल्यासाठीच आहेत असं तिने धरलं. तास बंद. कप्तानने नेमून दिलेली पंधरा मिनिटंही बंद. जमिनीवर एक तास पडून राहिलेला दादा आणि त्याच वेळी लाकडी जमिनीवर हवेत हात फिरवत असलेली आपण, ही दोन चित्रं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. दादाची आंघोळ परत सकाळी आली. पातेली तिने वरच्या फळीवर ठेवली.

तीन आठवडे गेले. बेबीताई परत सुस्कारा टाकून पलंगावरून उतरायला लागली. धुलाईघरात भराभर एकदा म्हणाली, “तुझी वरात बरी होती गं,” आणि बेबीताईने ऐकू न आल्यासारखं केलं. दादाही बोलेनासा झाला होता. भरवलं की खायचा, धरलं की चालायचा. चिडवणं बंद, टोमणे बंद. इतका शहाणा पेशंट कुणालाही हवासा वाटावा. तिला मात्र त्या शांततेने धाप लागायची.

एका रविवारी दुपारी ती खिडकीपाशी बसून त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. दादा खुर्चीत होता. टाके निघाले होते, भुवईवर गुलाबी रेघ राहिली होती.

“तू जात का नाहीस?” त्याने विचारलं.

“कुठे?”

“हवेत हात फिरवायला.”

“तू पडलास म्हणून.”

“मी पडलो. तू कुठे पडलीस?”

तिने दोरा तोडला. “दादा, मला भांडायचं बळ नाहीये.”

“मलाही नाही,” दादा म्हणाला. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिला. “त्या दिवशी पडलो ना, ती एकोणिसावी वेळ होती.”

“कसली?”

“चहाची.”

तिला काही कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. ती तासाला जायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात तो एकदा उठून, भिंत धरत स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. गेला आणि परत आला, एवढंच. पुढच्या खेपेला पातेलं खाली घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला चहा केला. डाव्या हाताने पाणी, डाव्या हाताने पत्ती, डाव्या हाताने गाळणं, कप ओट्यावरच ठेवून उभ्याउभ्याच प्यायचा. मग कप आणि पातेलं धुऊन, पुसून, ती ठेवायची तसं पालथं ठेवायचा आणि ती यायच्या आत खुर्चीत येऊन बसायचा. चहापत्ती लवकर संपते म्हणून ती महिनाभर दुकानदाराला दोष देत होती, ते तिला आत्ता आठवलं.

“अठरा वेळा जमलं,” दादा म्हणाला. “सांडलंही नाही. एकोणिसाव्या वेळी पाय अडकला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू पातेली वरच्या फळीवर ठेवली असतीस.”

पातेली वरच्या फळीवरच होती.

“बेबी, तू दारातून बाहेर पडलीस की मला बरं वाटतं,” दादा म्हणाला.

हातातली सुई तिने शर्टात टोचून ठेवली. पहाटे पाचपासूनचे सगळे दिवस, दीड वर्षाचे, तिच्यापुढे उभे राहिले, आणि हा माणूस म्हणत होता की तू गेलीस की बरं वाटतं.

“तू वाईट आहेस म्हणून नाही,” तो म्हणाला. “तू घरात असलीस की सारखी ऐकत असतेस. मी नुसतं कुशीवर वळलो तरी तुझे पाय वाजतात. मग मी वळत नाही. कुणी ऐकत नसलं की मला हलता येतं. तो तास तू गेलीस म्हणून मी सहन करत नव्हतो. मी त्याची वाट बघायचो.”

बेबीताई खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या इमारतीत कुणी गालिचा झटकत होतं. मग ती बोलली, दूध संपलंय हे सांगावं तशा आवाजात. “मला तुझा कंटाळा येतो, दादा. आधी आईचा यायचा, आता तुझा येतो. तिथे डोळे मिटून बसले की तेच वर येतं. मला वाटलं, मी असा विचार केला म्हणून तू पडलास.”

आता तो दुखावणार, तोंड फिरवणार, असं तिला वाटलं. बोलून गेलेले शब्द परत घ्यायची ताकदही तिच्यात नव्हती.

“साहजिक आहे,” तो शेवटी म्हणाला. “मलाही माझा येतो.”

तिला रडू आलं नाही. तिने खुर्चीवर मान मागे टाकली आणि दोघं तशीच बसून राहिली, बराच वेळ, कुणी कुणाची समजूत न काढता. संध्याकाळ झाली तेव्हा दादा म्हणाला, “कागद पेन्सिल दे.”

डाव्या हाताने त्याने स्वयंपाकघर काढलं. रेघा वेड्यावाकड्या होत्या, पण मापं बिनचूक. दारापासून ओट्यापर्यंत कठडा, कुठे वळेल, जमिनीपासून किती उंच, स्क्रू किती लांब. पुढच्या रविवारी त्याचा कामावरचा जुना जोडीदार भंगारात निघालेल्या एका लिफ्टमधला स्टीलचा कठडा खांद्यावर टाकून तीन मजले चढून आला. “ही पहिली लिफ्ट जी मी उचलून वर आणली,” धापा टाकत तो म्हणाला. दोघांनी मिळून कठडा बसवला. म्हणजे एकाने बसवला आणि दुसऱ्याने चुका काढल्या. फिजिओथेरपिस्टने येऊन तो हलवून बघितला, दादाला चार वेळा चालायला लावलं, आणि दोन अटी घातल्या. गॅस नाही, विजेची किटली, तीही अर्धीच भरायची. आणि मोबाइल कायम गळ्यात.

“घंटी बांधलेल्या बैलासारखा दिसतो मी,” दादा म्हणाला, पण त्याने मोबाइल घालून घेतला.

मंगळवारी बेबीताई हॉलमध्ये गेली तेव्हा कप्तानने इतके दिवस कुठे होतात असं विचारलं नाही. तो तिच्यामागे येऊन उभा राहिला आणि ओरडला, “डावा पाय रिकामा करा.” वीस हालचालींपैकी तिला नऊ आठवत होत्या. शेवटी ती डोळे मिटून बसली. राग आला. तिने त्याला येऊ दिलं. शेजारी अनोळखी माणूस येऊन बसला की आपण जरा सरकून जागा देतो, तसं. थोड्या वेळाने आणखी एक गोष्ट आली. ती नुसती दमलेली होती. इतक्या वर्षांचा थकवा, पायांपासून मानेपर्यंत, एकेका सांध्यात. आत्तापर्यंत तिने त्याला कधी नीट बघितलंच नव्हतं, कामात होती. त्या दिवशी ती पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघत बसली.

महिन्याभराने एका सोमवारी ती स्वयंपाकघरात तिची पंधरा मिनिटं करत होती तर दादा दारात येऊन उभा राहिला. “सोमवारी तास नसतो?”

“नाही. मंगळ, गुरू, शनी.”

“मग हे खाली अंगणात कर ना.”

“आज का?”

“आज आणि रोज. ओटा माझा आहे या वेळी.”

तेव्हापासून तास नसेल त्या दिवशी ती सकाळी सहाला खाली उतरते. इमारतीच्या मागे सायकली ठेवायची जागा आहे, तिथे एक सिमेंटचा बाक. आधी उभ्याने, मग बाकावर बसून, आता बसायचीही पंधरा मिनिटं. कधी थंडीने बोटं आखडतात, कधी कुणी सायकल काढायला येतं आणि ‘चालू द्या’ म्हणतं. काही दिवशी मन जागेवर राहतं, बहुतेक दिवशी राहत नाही. दादा पुन्हा टोमणे मारायला लागला आहे. तो खाली कधी येत नाही आणि तीही त्याला ‘ये’ म्हणत नाही. थकवा कमी झाला का, असं तिला कुणी विचारलं तर ती सांगते, फार नाही. आता तो कुठे आहे ते कळतं, एवढंच.

परवा ती बाकावर बसली होती. डोळे मिटून सहासात मिनिटं झाली असतील, तोच वरून, त्यांच्याच खिडकीतून, काहीतरी पडल्याचा आवाज आला. स्टीलचं भांडं असावं. गरगरत गेलं आणि थांबलं. बेबीताईचे डोळे उघडले, दोन्ही पाय जिन्याच्या दिशेने वळले. खिशातला मोबाइल तिने हातात घेतला. तो वाजला नाही. ती थांबली. छाती धडधडत होती आणि ती धडधड ती ऐकत राहिली. मग वर नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि दादाचा, कुणाला तरी, बहुधा त्या भांड्यालाच, शिवी दिल्याचा.

तिने मोबाइल बाकावर ठेवला आणि परत डोळे मिटले. अजून आठ मिनिटं होती. ती तिने पूर्ण केली, जरी त्यातला एकही श्वास धड बघता आला नाही.

वर गेली तेव्हा स्वयंपाकघरातली जमीन चिकट झाली होती. पुसली होती, पण डाव्या हाताने, आणि साखर काही निघाली नव्हती. दादा खुर्चीत बसून कपातला चहा पीत होता. ती तेवढी जागा ओलांडून ओट्याशी गेली, त्याच्या सकाळच्या गोळ्या काढल्या आणि कामाला जायची पिशवी भरायला लागली.